तिठ्यावर धरलेली जागा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या थेरगावच्या गल्लीतला पहाटेचा एक आवाज कमी होतो. कंपनीच्या बसचा. एरवी ती डांगे चौकात येऊन उभी राहते, ड्रायव्हर दोनदा हॉर्न देतो आणि त्या हॉर्नवर निम्म्या गल्लीचे दिवे लागतात. शटडाऊन लागला की बस येत नाही. चाकणला मशिनी दुरुस्तीसाठी उघडून ठेवतात, लाइन थांबते आणि आम्ही बायका घरी. मला मात्र जाग त्याच वेळेला येते. अंथरुणात पडल्या पडल्या मी बोटांची टोकं एकमेकांवर घासत राहते. वर्षभर वायरींवर काळी टेप गुंडाळून गुंडाळून तिचा चिकटा बोटांना बसलेला असतो. गोडं तेल लावा, राख लावा, तो जायला शटडाऊनचे दोन-तीन दिवस लागतात. चिकटा गेला की हात कसे परक्यासारखे मऊ लागतात. आणि मग त्या रिकाम्या हातांना दरवर्षी सायकलचं हँडल आठवतं. घामाने ओलं झालेलं, आणि घट्ट धरलेलं.

त्या वर्षीच्या शटडाऊनला मी श्रीलंकेत होते. हे वाक्य लिहिताना आजही मागे वळून बघावंसं वाटतं, कुणी हसत तर नाही ना.

माझी शाळा सातवीपर्यंत. जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावात शाळाच तेवढी होती. आठवीला पुढच्या गावी जायचं, मधे ओढा आणि सुनसान रस्ता. वडील म्हणाले, "बास झालं आता." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला भांडताही आलं नाही. धाकटी बहीण तेव्हा शाळेत होती, तिची शाळा सुटू नये म्हणून मी चुलीपाशी बसले. पुढे लग्न होऊन मी थेरगावला आले तेव्हा त्या चुलीपाशी बहीण बसली. बाईची जागा अशी रिकामी राहत नाही. एक उठली की दुसरी बसते, आणि दुसरी मिळेपर्यंत पहिलीला उठता येत नाही.

कंपनीत याच गोष्टीला नाव आहे. रिलिव्हर. गाडीच्या पोटात वायरींचं जे जाळं असतं ते आम्ही बांधतो. लाकडी बोर्ड सरकत येतो, त्यावर आपापली वायर बसवायची, टेप गुंडाळायची, बोर्ड पुढे. लाइन चालू असताना जागा सोडता येत नाही. पाणी प्यायचं असो की घरून फोन आलेला असो, हात वर करायचा आणि मंगलची वाट बघायची. मंगल आमची रिलिव्हर, चाकणच्या मागच्या गावातली. तिच्याकडे घरची कांद्याची शेती, त्यामुळे थंडीत ती आली की आधी पातीचा वास येतो आणि मग ती. ती शेजारी उभी राहते, माझ्या हातातला वायरींचा गुच्छ तिच्या हातात जातो, ती म्हणते "आली गं, जा," आणि मगच पाय हलवायचा. मी नवीन होते तेव्हा तिनं बजावलं होतं, "रिलिव्हर आल्याबिगर हात सोडायचा न्हाई, पोरी. मंग भूकंप हू दे, न्हाईतर तुजा नवरा गेटावं यिऊन उभा राहू दे."

सायकल मी फार उशिरा शिकले. मुलीची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. घरापासून डांगे चौकापर्यंत पहाटे अंधारात चालत जायची भीती वाटायची, म्हणून म्हटलं सायकल शिकावी. महापालिकेच्या मैदानावर कुणी बघू नये अशा वेळेला जायचे. एक आजीबाई काठी टेकत फेऱ्या मारायच्या. मी पडले की थांबून म्हणायच्या, "पडा हो पडा. लाजू नका, मी कुणाला सांगत नाही." एका रविवारी हायवेच्या सर्व्हिस रोडवर मला सायकलवाल्यांचा एक घोळका भेटला. पुढे देवयानी मॅडम. ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. त्यांनी माझ्या जुन्या सायकलकडे बघितलं, माझ्या साडीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "चला की आमच्याबरोबर, पुढच्या चहापर्यंत." त्या चहाचा पुढचा चहा, आणि त्याचा पुढचा, असं करत मी त्यांच्या ग्रुपातली झाले. माझ्याशी कधी कुणी वर बसून बोललं नाही. हे मला आजही थोडं अवघड जातं. उपकार फेडायची सवय आहे, पण इथे कुणी उपकार केल्यासारखं दाखवतच नाही, मग फेडायचं कुठे?

श्रीलंकेच्या टूरला मी जाणार नव्हतेच. मॅडमच्या एका मैत्रिणीचा गुडघा ऐन वेळी सुजला. मॅडमचा फोन आला.

"वंदनाताई, पासपोर्ट आहे का हो तुमच्याकडे?"

"आहे."

"आहे?"

कंपनी एकदा आम्हा काही बायकांना ट्रेनिंगला परदेशी पाठवणार होती, तेव्हा काढलेला. ट्रेनिंग बारगळलं, पासपोर्ट कपाटात साड्यांखाली राहिला. मैत्रिणीची जागा, मैत्रिणीचीच सायकल, तिची सीट बोटभर खाली केली. मी घरी विचारलं. नवरा म्हणाला, "जा. पण डबा?" मुलगी म्हणाली, "मी करीन." तो म्हणाला, "आणि पोळ्या?" मुलगी म्हणाली, "पोळ्या तुम्ही." लाइन अशी लागली. मंगलला सांगितलं तर ती म्हणाली, "लंकंत समद्या सोन्याच्या इटा असत्यात म्हनं. एखादी पिशवीत टाकून आन."

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर वेगळी नोंद असते, म्हणून चौकशी जास्त होते. विमानतळावरच्या साहेबानं ते पान उघडलं. त्यानं विचारलं, "कशाला चाललात?" मी म्हटलं, "सायकल चालवायला." त्यानं एकदा वर बघितलं आणि शिक्का मारला.

पहिल्या दिवसाची सकाळ म्हणजे नेगोंबोचा किनारा. काथ्याच्या चटयांवर मासळी वाळत घातलेली, तिच्यावर कावळे, आणि हवा अशी की श्वासाबरोबर पाणीच आत यावं. माझ्या बॅगेत थेरगावच्या थंडीची कानटोपी तशीच होती. मी ती चाचपून बघितली, उगाच. आम्हाला आत कुरुनेगलपर्यंत जायचं होतं, नारळाच्या बागांमधून. मॅडमनी सगळ्यांना गोल उभं केलं.

"दोन गोष्टी. एक, कोपऱ्याचा नियम. जो वळणावर आधी पोचेल तो तिथं थांबेल. मागचा आला की कोपरा त्याच्या ताब्यात द्यायचा आणि पुढे निघायचं. म्हणजे कुणी चुकणार नाही. दोन, आज अंधार पडायच्या आत जो सायकलवर मुक्कामी पोचणार नाही, तो उद्यापासून मागून येणाऱ्या सामानाच्या गाडीत. पुढे घाट आहेत. यावर वाद नको."

पुनावळ्याचा प्रसाद, कॉम्प्युटर कंपनीतला, माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका. गाडीत एसी आहे." सगळे हसले, मीही हसले. पण मनात एकच घोकत होते: गाडीत बसायचं नाही. दुसरीच्या सुजलेल्या गुडघ्यावर मिळालेली जागा होती ती. खिडकीतून बघत बसायला मिळालेली नव्हती.

आणि कोपऱ्याच्या नियमानं मला तर धीरच आला. इथे भाषा येत नव्हती, रस्ता माहीत नव्हता, हेल्मेटचा पट्टा गळ्याला काचत होता. पण हे काम मला येत होतं. ही तर माझी लाइन.

नारळाचे उंच सरळ बुंधे, त्यांच्या मधून तिरपं ऊन. दुकानांवरची अक्षरं इतकी गोल, जशी कुणी टेपची रिळं उलगडून मांडलीत. शेंदरी शहाळ्यांचे घोस. शाळेच्या पोरी पांढऱ्या फ्रॉकात हात हलवत होत्या, मी एका हाताने उत्तर द्यायला गेले आणि गटारात जाता जाता वाचले. त्यानंतर मी नुसती मान हलवली. पहिले दोन कोपरे मिळाले, मी धरले, मागच्याला दिले. "आले हो ताई, निघा." अगदी मंगलसारखं. दर कोपऱ्यानंतर पाय हलके होत होते.

तिसरा कोपरा एका तिठ्यावर होता. मॅडम पुढच्या घोळक्याबरोबर डावीकडे गेल्या, मला म्हणाल्या, "प्रसाद येतोय मागून, त्याला द्या." मी सायकल टेकवून उभी राहिले. तिठ्यावर एक पिंपळ, त्याच्या पारावर काचेच्या पेटीत छोटी बुद्धमूर्ती, पुढे ताजी पांढरी फुलं. आमच्या विहारात असते तशीच उदबत्तीची राख. बरं वाटलं. परक्या गावात ओळखीचं दार दिसावं तसं.

प्रसाद आला नाही.

मागून कुणीच आलं नाही. त्या दिवशी पौर्णिमा होती. नंतर कळलं, तिथे पौर्णिमेला सणाची सुट्टी असते. मागच्या गावात मिरवणुकीनं रस्ता अडला होता, म्हणून आमच्या गाडीच्या तिथल्याच ड्रायव्हरनं, निमलनं, मागच्या सगळ्यांना दुसऱ्या रस्त्यानं नेलं. पुढच्यांना वाटलं मी मागे आहे, मागच्यांना वाटलं मी पुढे गेले. दुपारचं जेवण ज्यानं त्यानं वाटेत घ्यायचं होतं, त्यामुळे कुणी कुणाला मोजलं नाही. माझा फोन गाडीतल्या बॅगेत, आणि असता तरी त्यात तिथलं सिम नव्हतं.

दुसरं कुणी असतं तर थोडं थांबून पुढे निघालं असतं. प्रसाद तर पहिल्या पाच मिनिटांत गेला असता, त्यानं स्वतःच मला नंतर सांगितलं. मला ते सुचलंच नाही. सुचलं असं म्हणावं तर पाय उचलेना. मी गेले आणि मागून कुणी येऊन उजवीकडे वळलं तर? अंगावर ऊन आलं, मी पिंपळाच्या सावलीबरोबर सरकत राहिले, पण तिठा नजरेतून सोडला नाही. लघवीला लागली होती, तेव्हा हात वर करून बघावं अशी एक वेडी इच्छा झाली. कुणाला दाखवायचा हात?

समोरच्या दुकानातून एक म्हातारी माझ्याकडे बघत होती. पायापासून मानेपर्यंत शुभ्र पांढरं नेसलेली. ती प्लास्टिकचं स्टूल घेऊन आली, माझ्यापुढे ठेवलं आणि काहीतरी विचारलं. मी मान हलवली. "इंदिया?" "हो. इंडिया." मग दोघींचंही बोलणं संपलं. तिच्या पांढऱ्या कपड्यांवरून आणि पौर्णिमेवरून मी ओळखलं होतं, उपोसथाचं व्रत घेतलंय. आमच्याकडेही बायका अष्टशील घेतात तेव्हा पांढरं नेसतात. मी मूर्तीकडे हात करून म्हटलं, "पंचशील."

तिचा चेहरा एकदम उजळला. "पन्सिल्!"

मग आम्ही दोघी पारापाशी हात जोडून उभ्या राहिलो आणि मला तिसरीपासून पाठ असलेली त्रिसरणं आणि शीलं म्हटली. तिची चाल वेगळी होती, ती शेवटाला सूर लांबवायची आणि मी पुढच्या शब्दावर जाऊन थांबायचे. दोनदा अडखळलो, दोनदा हसलो. म्हणताना एक डोळा माझा रस्त्यावर होता, हेही सांगून टाकते.

तिनं मला दुकानामागे नेऊन मोरी दाखवली, आणि मी येईपर्यंत तिठ्याकडे तोंड करून स्वतः उभी राहिली. परत आले तर केळीच्या पानावर भात आणि खोबऱ्याची चटणी तयार. मी तिला खूण केली, तुम्ही? तिनं डोक्यावरून ढळलेल्या सूर्याकडे बोट दाखवलं. मध्यान्ह उलटली की व्रतात जेवायचं नसतं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

जेवल्यावर मी काडीनं धुळीत रस्ता काढला. तीन फाटे, मागे ठिपके, मधे मी. ठिपक्यांवर बोट ठेवून म्हटलं, "येणार आहेत." तिनं बराच वेळ ते चित्र बघितलं.

नारळांच्या सावल्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. दुपार कलली होती. आतापर्यंत मी घाबरले नव्हते, कारण काम करत होते. आता मात्र मॅडमची दुसरी गोष्ट कानात वाजायला लागली. अंधार पडायच्या आत. कोपरा सोडला तर कुणीतरी चुकेल, धरून बसले तर उद्यापासून मी गाडीत. इतक्या लांब, समुद्र ओलांडून येऊनसुद्धा मी परत त्याच जागी उभी होते, जिथून उठायला दुसरी बाई लागते.

म्हातारीनं माझ्या खांद्याला हात लावला. सूर्याकडे बोट केलं. मग डाव्या रस्त्याकडे. "कुरुनेगल," ती म्हणाली. मग स्वतःच्या छातीवर तळवा ठेवला आणि काडीनं, मी जिथे मला काढलं होतं, तिथे टोचलं.

मी नाही नाही म्हणत राहिले. ती आमच्या लाइनची नव्हती. तिला आमची माणसं माहीत नव्हती, आणि आमच्या माणसांना ती. शिवाय उपाशी, या वयात, उन्हात. तिनं स्टूल उचललं, पिंपळाखालून काढून बरोबर तिठ्याच्या तोंडाशी ठेवलं आणि बसली. मांडीवर हात. झालं.

मी अंगातलं चमकणारं पिवळं जॅकेट काढलं. आम्हा सगळ्यांची तसलीच जॅकेटं होती. तिला घातलं. पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर ते पिवळं, दोन मापांनी मोठं. दुकानातली माणसं हसली, तीही हसली, आणि मग माझ्याकडे बघून दोनच शब्द बोलली. अर्थ मला कळला नाही. पण त्याच आवाजात आयुष्यभर कुणी ना कुणी मला म्हटलंय, आली गं, जा.

मी गेले.

त्या रस्त्याचं मला आज काय आठवतं? फार थोडं. भाताच्या खाचरांवर वाकलेले बगळे. एका चढावर मांड्यांमधून आलेली कळ, आणि तिला मी मोठ्यांदा मराठीत दिलेली शिवी. प्रत्येक फाट्याला दिसेल त्याला "कुरुनेगल?" विचारणं आणि त्यानं बोटानं दाखवल्यावर हात जोडणं. एकटीनं मी कधी एवढा रस्ता चालवला नव्हता. पुढे कुणाचा टायर नाही, मागे कुणाची घंटी नाही. भीती होती, पण ती कॅरिअरवर बसल्यासारखी मागे होती. पाय तिचं ऐकत नव्हते. खाचरांतलं पाणी तांबूस व्हायला लागलं, तसा मी गिअर बदलला.

मागून गाडीचा हॉर्न आला. आमची गाडी. निमल चालवत होता आणि शेजारी मॅडम, चेहरा पांढरा पडलेला. खिडकी खाली झाली.

"वंदनाताई! अहो, कुठे होतात तुम्ही? आधी बसा बघू. निमल, सायकल वर घे."

मी ब्रेक लावला नाही. "मॅडम, अंधार पडलाय का?"

"काय?"

"अंधार. पडलाय का?"

मॅडमनी मान बाहेर काढून वर बघितलं. खरंच बघितलं, विचार करून. "नाही अजून."

"मग चालवू द्या."

गाडी थोडा वेळ माझ्या बरोबरीनं हळूहळू येत राहिली. मग काच वर गेली आणि गाडी मागे पडली. मागून येणाऱ्या बसला निमल हात काढून बाजूनं घालवत होता. गावच्या मोठ्या खडकावरची पांढरी बुद्धमूर्ती दिसायला लागली तेव्हा आकाशात अजून उजेड होता, थोडा, पण होता. मी मुक्कामाच्या फाटकातून आत शिरले. सगळे अंगणात उभे होते. प्रसादनं माझी सायकल धरली.

"काय ताई, ओव्हरटाइम लागला वाटतं?" म्हणाला, आणि पुढे काही बोलायच्या आत त्याचे डोळे भरून आले. "मी यायला हवं होतं हो त्या कोपऱ्यावर."

"रस्ता बंद होता रे, तू काय करणार."

मॅडम गाडीतून उतरल्या. मला वाटलं आता रागावतील, आणि रागावल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं. त्या सायकलपाशी वाकल्या, मागचा टायर अंगठ्यानं दाबून बघितला. "हवा कमी झालीय. सकाळी भरून घ्या. उद्या सहाला निघायचंय."

मी पायरीवर बसले. हेल्मेटचा पट्टा सुटेना. मॅडम शेजारी येऊन बसल्या आणि सांगायला लागल्या. कुरुनेगलला सगळे जमल्यावर मी नाही हे कळलं. मग त्या निमलला घेऊन, सकाळी मागच्यांना नेलं होतं त्याच आडरस्त्यानं, थेट तिठ्यावर गेल्या. तिथे आमचं जॅकेट घातलेली एक म्हातारी रस्त्याच्या तोंडाशी बसलेली. गाडी दिसल्याबरोबर उठून मधे आली आणि दोन्ही हातांनी डावीकडे दाखवायला लागली. निमलनं तिला सांगितलं, आम्ही तिचीच माणसं, आम्ही शोधतो, तुम्ही घरी जा. ती घरी जायला तयार नाही. जॅकेटही देईना. पोरगी पोचल्याचं कळल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. शेवटी निमलनं समोरच्या दुकानाचा फोन नंबर घेतला.

"अगं बाई," मी म्हटलं, "अजून बसली असेल ती."

निमल फोन लावत होता. आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे राहिलो. तिकडे दुकानदारानं उचलला, हाका मारल्या, मग फोनवर तिचा श्वास ऐकू आला. निमल एवढंच बोलला असावा, की आली. माझ्याकडे फोन दिला. मी काय बोलणार? मी म्हटलं, "आज्जी." तिकडून एक लांब हुंकार आला, मग दोन-तीन वाक्यं, दमलेली, हसरी.

निमल बरीच वर्षं दुबईला होता, तिथे शिकलेल्या मोडक्या हिंदीतून त्यानं मला सांगितलं. ती म्हणतेय, बरं झालं. आता मी उठते.